चार टायर आणि करिदिन

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ७.४०

आधी माफी मागतो. फारच उशिरा लिहायला बसलोय. ही डायरी मुलाने, क्षितिजने, मागच्याच्या मागच्या ख्रिसमसला दिली होती, त्यामुळे आत २०२५ छापलंय आणि बाहेर २०२६ लागलंय. पण पानं कोरी आहेत, वाया का घालवायची? वार पेनाने दुरुस्त करून घेतले. उशिराचं कारण एवढंच, की गेलं वर्षभर लिहून ठेवण्यासारखं संशयास्पद काही घडलं नाही. आता घडायला लागलंय.

शनिवारी १७ तारखेला इथल्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. सामान आमच्या गराजमध्ये असतं: मसालेभाताचं मोठं पातेलं, शेगड्या, समया, सतरंज्या, आणि यंदा वाण म्हणून लुटायच्या एकशे चाळीस स्टीलच्या गाळण्या. हे सगळं हॉलवर न्यायचं काम एकोणीस वर्षं माझं आणि माझ्या पिकअपचं. मंडळात जिकडे बघावं तिकडे डॉक्टर. मी एकटा हॉस्पिटलचा पोर्टर, तोही रिटायर्ड, शिक्षण नववी. पण पिकअप त्यांच्यापैकी एकाकडेही नाही.

हॉल चालत बारा मिनिटांवर आहे, तेही उतारावर. पण पातेलं चालत नाही.

काल रेडिओवर बर्फाचा इशारा दिला. सकाळी टायर तपासले. खाचेत वीस पेन्सचं नाणं उभं घालायचं, नाण्याची कड दिसता कामा नये, असा नियम आहे. कड दिसली. चारही टायरांना दिसली. नाणं बहुधा जुनं असावं.

संकल्प: त्या शनिवारच्या आत स्वस्त आणि मस्त टायर. रोज लिहिणे. कोणावरही चटकन विश्वास न ठेवणे.

७ जानेवारी, बुधवार

सकाळपासून आयपॅडवर टायर बघतोय. विंटर टायर वेगळे, ऑल-सीझन वेगळे, बजेट वेगळे. बर्फाला चालणाऱ्या टायरवर डोंगर आणि त्यात हिमाचा कण असं चित्र पाहिजे. एका दुकानाने माझ्या गाडीचा नंबर घातल्या घातल्या गाडीचा रंगसुद्धा सांगितला. यांना काय काय माहीत आहे? आयपॅड पालथा घातला.

एकतीस वर्षं या शहरात ट्रॉल्या ढकलल्या. डावीकडे ओढणारी ट्रॉली मी आवाजावरून ओळखायचो. चाकांबद्दल मला कोणी शिकवू नये.

दुपारी सुप्रभा म्हणाली, अहो, तीन दिवस झाले, टायर शोधताय की जावई? मी म्हटलं, जावई नापास झाला तर निदान घसरून गराजवर आपटत नाही. ती म्हणाली, आपल्याला मुलगीच नाही, तेव्हा टायरचं बघा.

एवढं बोलून ती गालातल्या गालात हसली. का हसली?

९ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळी ५

मोठी बातमी. जिन्यावरून उतरत होतो. सुप्रभा किचनमध्ये फोनवर, हळू आवाजात. समोर क्षितिजच असणार, कारण मध्येच त्याच्या क्रॉयडनच्या हवेची चौकशी केली. मग म्हणाली, नाही रे, त्यांना अजिबात पत्ता नाही. पुढच्या शनिवारी सगळ्यांसमोर. वैभवी माइकवरून सांगणार आहे.

वैभवी म्हणजे मंडळाची सेक्रेटरी. दातांची डॉक्टर. दात आणि माणूस, दोन्ही न दुखवता काढते अशी तिची ख्याती आहे.

मी खोकलो. सुप्रभाने लगेच विषय बदलला आणि मुळ्याची भाजी कशी करायची ते सांगायला लागली. क्षितिज मुळा खात नाही.

माझा हिशोब जुळला. मला काढणार. चौऱ्याहत्तर वर्षांचा झालो, गाडी वीस वर्षांची झाली. सगळ्यांसमोर माझ्या हातून किल्ली घेणार, टाळ्या वाजवणार आणि पुढच्या वर्षीपासून सामान कोणीतरी डॉक्टर नेणार. मग मंडळात माझं काम काय? बशा गोळा करणे.

१० जानेवारी, शनिवार

डॉक्टर कोण, तेही कळलं. अंशुमन. हृदयाचा डॉक्टर, त्याच्याकडे नवी विजेची जीप आहे. सकाळी स्वतःहून फोन. काका, बर्फ पडणार म्हणतात, यंदा माझ्या गाडीत थोडं सामान टाकू का?

थोडं! मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, पातेल्याला तेल लागलेलं असतं, तुमची सीट पांढरी आहे. तो हसून म्हणाला, बरं काका, तुम्ही म्हणाल तसं. इतक्या लवकर हार मानणारा माणूस आत काहीतरी शिजवत असतो.

गाडीला फोर-व्हील ड्राइव्हचा दांडा आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. तो २०१६ पासून हलत नाही, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. पण गरजच पडली नाही तर दांडा हलायचं कारण काय?

१२ जानेवारी, सोमवार. सकाळी ११.२०

घाईत आहे. जमेल तसं लिहितो.

एका टायरच्या दुकानातून फोन आला. गोड आवाजाची बाई. म्हणाली, तुमच्या पिकअपला चार नवे ऑल-सीझन टायर, गुरुवारी सकाळी दहाला, फक्त कन्फर्म करायला फोन केला. मी म्हटलं, मी तर काही मागवलं नाही. ती म्हणाली, पैसे सगळे भरलेले आहेत, तुम्ही फक्त गाडी घेऊन या.

फक्त गाडी घेऊन या!

मी फोन ठेवला. चार नवे टायर फुकट कोण देतो? बँकेच्या लीफलेटमध्ये हेच लिहिलंय: आपण न मागितलेली गोष्ट कोणी देत असेल तर सावध राहा.

दुपारी १.०५

सुप्रभा डाळ ढवळता ढवळता, जणू आत्ताच सुचल्यासारखं म्हणाली, अहो, क्षितिजने तुमच्या गाडीचं सर्व्हिसिंग बुक केलंय. गुरुवारी दहाला.

तीच वेळ! तोच वार!

म्हणजे टायर हे आमिष. गाडी आत घेणार, शटर खाली, आणि थेट भंगारात. शनिवारी मी गाडीशिवाय हॉलवर उभा, आणि वैभवीच्या हातात माइक. पोटच्या मुलाने हे करावं? मागच्या उन्हाळ्यात तो म्हणालाच होता, बाबा, तो गाडी खूप जुना झाला आहे, थोडा विचार करा. इथे जन्मला, पुल्लिंग-स्त्रीलिंग त्याला कधी जमलं नाही. पण गाडीवरचा डोळा तेव्हापासूनच असणार.

दुपारी ३.३०

दुकानाला ईमेल पाठवला. इंग्रजीत होता, मुद्दे इथे मराठीत: मी सगळं ओळखलं आहे. पिकअप विकायची नाही. गुरुवार कॅन्सल. पुन्हा फोन केलात तर पोलिसांना सांगेन. सही, आणि खाली ‘एकतीस वर्षं सरकारी हॉस्पिटलात सेवा’ असंही लिहिलं. म्हणजे वजन पडतं.

१३ जानेवारी, मंगळवार

दुकानाचं उत्तर: विनंतीप्रमाणे बुकिंग रद्द केलं आहे, ज्या कार्डावरून पैसे आले त्यावर ते परत जातील. घाबरले!

तरी खात्री करायला सुप्रभाची परीक्षा घेतली. म्हटलं, गुरुवारी पंधरा तारीख म्हणजे किंक्रांत. करिदिन. त्या दिवशी गाडीला कशाला हात लावायचा?

ही बाई करिदिनाला लोणच्याची नवी बरणी उघडत नाही. क्षितिजच्या पहिल्या नोकरीचा पहिला दिवस करिदिनाला आला, तर त्याला ऑफिसात फोन करून सर्दी झाल्याचं सांगायला लावलं होतं. तीच आज म्हणाली, इंग्लंडमध्ये कसला आलाय करिदिन? जा तुम्ही, वेळ चुकवू नका.

आता पुराव्याची गरज उरली नाही.

मी म्हटलं, बरं, जातो. ती इतकी खूष झाली, की संध्याकाळी न मागता भजी केली.

१४ जानेवारी, बुधवार. मकर संक्रांत

सुप्रभा तिळगूळ वळायला वैभवीकडे गेली आणि मी मोहिमेवर निघालो. संक्रांतीला काळं घालतात, काळं घ्यावं. टायर काळेच असतात. याहून चांगला मुहूर्त नाही.

रेल्वेच्या कमानीखाली डेव्ह नावाच्या माणसाचं छोटं दुकान आहे. वापरलेले टायर विकतो. मला बघून म्हणाला, काय पाहिजे, ‘मी डक’? इथे लाडाने सगळ्यांनाच डक, म्हणजे बदक, म्हणतात. इतकी वर्षं या गावात काढली, सवय आहे. पण पहिल्या मिनिटात तीनदा डक म्हणणारा माणूस काहीतरी गळ्यात मारणार असतो.

मी चारही टायरांचा भाव विचारला आणि दोन घेतले. एकावर डोंगर आणि हिमकण आहे, दुसऱ्यावर नाही. सरासरी अर्धा डोंगर. आपल्याकडच्या बर्फाला अर्धा पुरतो.

डेव्ह म्हणाला, डक, हे दोन्ही मागे लाव. ताकद मागच्या चाकांना, पाठीमागे माल नसला की ती हलकी, बर्फात तिथूनच घसरते. मागे वाळूच्या दोन गोण्या पण टाक.

मी काही लहान नाही. मागे लावले की मला ड्रायव्हरच्या सीटवरून दिसणार नाहीत, आणि तो जुनेच पुसून परत लावणार. इंजिन पुढे, स्टीअरिंग पुढे, बर्फही आधी पुढच्याच चाकाला भेटतो. मी पुढेच लावून घेतले आणि लावताना जवळ उभा राहिलो. गोण्या तर तोच विकत होता. नाही म्हटलं.

निघताना तो म्हणाला, सावकाश जा हं, आणि उतरलेल्या टायरांकडे बघून शीळ घातली. शीळ का घातली असेल?

पुढचे टायर त्याने काळं पॉलिश लावून दिले. अगदी नव्यासारखे.

१५ जानेवारी, गुरुवार. करिदिन

पावणेदहाला थर्मास घेऊन निघालो. सुप्रभा दारात उभी राहून हात हलवत होती. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये एक तास दहा मिनिटं बसलो. चहा प्यायलो. करिदिनाला काही नवं करू नये, ते आपोआप पाळलं गेलं.

घरी आलो. तिने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. ती बाहेर जाऊन वाकून पुढचे टायर बघून आली. किती छान काळेभोर दिसतात हो, म्हणाली, आणि डोळे पुसले. मग किचनमध्ये जाऊन फोन. मी दाराला कान लावला. हो रे, लागले. नाही, काही विचारलं नाही त्यांनी. गरीब बिचारे.

गरीब बिचारे! भंगाराचा डाव फसला याचा पश्चात्ताप झाला असणार.

१६ जानेवारी, शुक्रवार. दुपारी २

बर्फ! सकाळपासून पडतोय. ट्राम हळू, शाळा बंद. मंडळाच्या ग्रुपवर वैभवीचा मेसेज: कार्यक्रम होणारच, सामानाची काळजी नको, शशिकांतकाका आहेत आणि यंदा तर त्यांची गाडी एकदम तय्यार आहे. पुढे डोळा मारणारा चेहरा.

कशाबद्दल डोळा? असो. उद्या बघतील.

सगळं सामान आजच पिकअपमध्ये भरलं. पातेलं केबिनला टेकवून पुढे, म्हणजे वजन पुढे. गाळण्या मागे.

१७ जानेवारी, शनिवार. सकाळी ६.५०

अर्धा फूट तरी बर्फ. आमचं घर रस्त्यापेक्षा खाली आहे. गराजपासून रस्त्यापर्यंत चढ. फावड्याने मध्ये एक पट्टा साफ केला. दोन टायरांपुरता. आंघोळ, देवपूजा, टाय.

सकाळी ८.४०

बाहेर ठेवलेल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यांना थोडा धक्का. दुसरा प्रयत्न करतोय.

सकाळी ९.०५

तिसरा.

सकाळी ९.३०

जे झालं ते झालं तसं लिहितो. गाडी निम्म्या चढापर्यंत छान गेली. मग मागची चाकं नुसती जागच्या जागी गरगरली, मागची बाजू हळूच डावीकडे निघाली आणि आख्खी गाडी आडवी होऊन डबे आणि शेजाऱ्यांचं झुडपांचं कुंपण, म्हणजे हेज, यांच्यामध्ये बसली. दांडा ओढून पाहिला. तो हातात आला. पुढचे टायर मात्र जागचे हलले नाहीत, हे कोणी लक्षात घेतलं नाही.

सुप्रभा खिडकीतून ओरडली, अहो, एवढे नवे टायर असून? मी म्हटलं, टायर चांगले आहेत, चढ खराब आहे.

एकशे चाळीस बायका हॉलवर येणार. आणि सामान हेजमध्ये.

दुपारी १२.१५

अंशुमन आला. जीप वरच्या रस्त्यावर ठेवून चालत, गमबूट घालून. मी किल्ली खिशात घट्ट धरून ठेवली. तो काही मागायच्या आत म्हटलं, मी बघतो. तो म्हणाला, काका, बघा तुम्ही, मी फक्त उचलतो.

मग वैभवी आली. मागे आणखी सात-आठ डॉक्टर, आणि मुलांच्या बर्फावर घसरायच्या प्लास्टिकच्या तीन स्लेज. दोरीने ओढून सगळं वर रस्त्यावर नेलं. पुढे उतारच. लाल स्लेजवर पातेलं बसवलं, ते असं निघालं की एक सर्जन आणि दोन भूलतज्ज्ञ त्याच्यामागे धावत होते. गाळण्यांच्या आवाजाने लोक पडदे सारून बघत होते.

मी पुढे चालत ट्रॅफिक थांबवला. ट्रॅफिक नव्हता, पण आला असता.

पंचवीस मिनिटांत सगळं सामान हॉलवर. पिकअपला भरून-उतरवून तेवढाच वेळ लागतो, हे मला आज कळलं.

संध्याकाळी ६.१०

लिहू का नको, असं झालंय. पण रोज लिहायचा संकल्प आहे.

उखाणे, वाण, तिळगूळ सगळं झालं. मग वैभवीने माइक घेतला. मी उठून मागच्या दारापाशी गेलो. काढायचंच आहे तर बशा हातात असलेल्या बऱ्या.

ती म्हणाली, एकोणीस वर्षं एका माणसाने आपलं पातेलं वाहिलं. गणपती वाहिला. आपल्या कितीतरी जणांचं या देशातलं पहिलं घर शिफ्ट केलं, आणि पेट्रोलचे पैसे दिले तर लिफाफा गुपचूप उशीखाली ठेवून गेला. म्हणून मंडळाने वर्गणी काढून काकांना चार नवे टायर दिलेत, गुरुवारीच लागले. काका, पुढची एकोणीस वर्षंसुद्धा तुम्हीच.

शाल, नारळ, टाळ्या. अंशुमनने शिट्टी वाजवली.

सामान ओढायला आलेल्या प्रत्येकाने सकाळी माझी गाडी हेजमध्ये पाहिली होती. तरी टाळ्या त्यांच्याच सगळ्यात जोरात. अंशुमन हळूच म्हणाला, काका, दुकान बदलायला हवं, या टायरांत काही दम नाही. एका डॉक्टरीणबाईने तर दुकानाबद्दल तक्रार लिहायला फोन बाहेर काढला.

मी म्हटलं, नको. दुकान चांगलं आहे.

घरी येताना, चालत, सुप्रभाला सगळं सांगितलं. डेव्ह, अर्धा डोंगर, थर्मास, ईमेल. ती गल्लीच्या कोपऱ्यावर थांबली. मग म्हणाली, पोलिसांचं पण लिहिलंत? मी म्हटलं, लिहिलं. ती बर्फात उभी राहून इतकी हसली, की तिला धरायला लागलं. मग म्हणाली, माझी चूक. करिदिन चालेल म्हणाले, तिथेच तुम्हाला कळणार होतं.

१८ जानेवारी, रविवार. सकाळी ९.१५

किल्ली रात्रभर आकड्यावर होती. कोणी घेतली नाही. सकाळी दोनदा बघितलं.

क्षितिजचा फोन आला. त्याला आईने सगळं सांगितलेलं. रागावला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, बाबा, मला तुमचा गाडी नको. माझा सगळा सामान युनिव्हर्सिटीत तुम्हीच नेला होता, त्या गाडीतच. I love that truck. मंडळाचे पैसे दोन दिवसांत माझ्या कार्डावर परत येतील, पण बर्फ पडल्यापासून सगळ्यांना टायर हवेत, दुकान भरलंय. मी ट्राय करू का?

मी म्हटलं, नको. बिघडवलं मी, लिहीन मी. दुकानाला ईमेल इंग्रजीत पाठवला, इथे मराठीत उतरवून ठेवतो.

नमस्कार. आधी माफी मागतो, फार उशिरा लिहितोय. १२ तारखेला ज्याने तुम्हाला तसलं लिहिलं तो मीच. पोलिसांचं मागे घेतो. हॉस्पिटलचं तेवढं खरं आहे. ते चार टायर माझ्या लोकांनी माझ्यासाठी घेतले होते आणि ते मला हवे आहेत. चारही. मागचे दोन आधी. गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि एक पातेलं माझी वाट बघतंय. गाडी सध्या हेजमध्ये आहे, पण तोपर्यंत निघेल. तारीख कुठलीही द्या. आमच्याकडे जो दिवस वाईट मानतात तो असला तरी येईन. मात्र लवकर कळवा. फोन केलात तरी चालेल. मी उचलेन, आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकून घेईन.